सरासऱ्यांची सरासरी की भारित सरासरी? कॅन्टीनचे गुण ३.३ आणि ३.९

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचं कॅन्टीन डोळ्यांसमोर आणा. सकाळी तर्री-पोहे, दुपारी गरम जेवण, रात्री दोन वाजता तेच वरण पुन्हा उकळून. कामगारांना फॉर्म वाटले: चव, स्वच्छता, रांग, भाव, प्रत्येकाला १ ते ५ गुण. चवीच्या प्रश्नाचे आकडे हिशेबापुरते असे धरू: फर्स्ट शिफ्टचे २०० फॉर्म, सरासरी ४.२. सेकंडचे ८०, सरासरी ३.६. नाइटचे २०, सरासरी २.१.

आता एक जण म्हणतो, तीन शिफ्ट आहेत, तिन्हींच्या सरासऱ्या मिळवा आणि ३ ने भागा. ९.९ भागिले ३, उत्तर ३.३. दुसरा आधी गुणाकार करतो: ४.२ गुणिले २०० म्हणजे ८४०, ३.६ गुणिले ८० म्हणजे २८८, २.१ गुणिले २० म्हणजे ४२. बेरीज ११७०, भागिले ३०० फॉर्म, उत्तर ३.९. बेरजेत दोघंही चुकलेले नाहीत. फरक एवढाच की पहिल्याने एक मत एका शिफ्टला दिलं, दुसऱ्याने एका माणसाला. पहिल्या हिशेबात नाइटचा एक फॉर्म फर्स्टच्या दहा फॉर्मांएवढा जड झाला.

पहिली ती सरासऱ्यांची सरासरी, दुसरी भारित सरासरी. इथे फॉर्मांची संख्या हाच भार. ३०० फॉर्मांचे गुण एका खाली एक लिहून थेट सरासरी काढली तरी ३.९ च येते. सगळ्या गटांत फॉर्म सारखे असतील, किंवा सगळ्या गटांची सरासरीच सारखी असेल, तर दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं. गोंधळाचं मूळ तिथेच आहे: सरावाच्या गणितात गट बहुधा समान असतात आणि चुकीची सवयही खपून जाते.

मग कुठली घ्यायची? ‘कामगारांना जेवण कसं वाटतं’ हा प्रश्न असेल तर भारित. ‘तिन्ही शिफ्टना सारखी सेवा मिळते का’ असं विचारायचं असेल तर सरासऱ्यांच्या सरासरीला अर्थ आहे, पण तेव्हा तीन आकडे शेजारी मांडणं कधीही बरं. ४.२ आणि २.१ यांतली दरी ३.३ मध्ये बुडून जाते.

भारित काढली म्हणजे सुटलो, असंही नाही. नाइटचे २० च फॉर्म आले, ते नाइटला २० च माणसं आहेत म्हणून नव्हे. सकाळी सुटी होताच सगळे बस धरायला पळतात म्हणून. मस्टर, म्हणजे हजेरीपट, काढून बघा. समजा फर्स्ट २५०, सेकंड २५०, नाइट १००. आता भार मस्टरचा लावा: १०५० अधिक ९०० अधिक २१०, म्हणजे २१६०, भागिले ६००, उत्तर ३.६. ठेकेदाराचा करार पुढे चालवायचा की नाही, हे ठरवताना हाच आकडा धरावा. मात्र नाइटचा प्रत्येक फॉर्म आता ५ माणसांच्या वतीने बोलतो. एकाने १ च्या जागी ५ दिले की नाइटची सरासरी थेट ०.२ ने वर जाते. म्हणून भार लावण्यापेक्षा आधी नाइटचे आणखी फॉर्म गोळा करणं जास्त कामाचं.

दोन वर्षांची तुलना करताना तर फसगत ठरलेलीच. पुढच्या वर्षी तिन्ही शिफ्टमधून १००-१०० फॉर्म आले आणि सरासऱ्या ४.३, ३.७, २.२ झाल्या असं धरा. प्रत्येक शिफ्ट ०.१ ने सुधारली. तरी सगळ्या फॉर्मांची सरासरी १०२० भागिले ३००, म्हणजे ३.४! गेल्या वर्षीच्या ३.९ वरून घसरगुंडी. जेवण बिघडलं नाही, नाराज गटाचे फॉर्म वाढले. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ च्या लेखात तो मांडला. मस्टरचा भार दोन्ही वर्षी तोच ठेवला, तर ३.६ चे ३.७ होतात, आणि तेच खरं चित्र.

हाच घोळ प्रश्नांच्या बाजूनेही होतो. तीन फॉर्म घ्या. पहिल्याने चारही प्रश्नांना ५ दिले, दुसऱ्याने चारहींना ४. तिसऱ्याने चवीला १ दिला आणि बाकी तीन रकाने कोरे सोडले. माणसागणिक सरासऱ्या ५, ४, १. त्यांची सरासरी ३.३३. प्रश्नागणिक सरासऱ्या ३.३३ आणि तीनदा ४.५, त्यांची ४.२१. मिळालेली ९ उत्तरं एकत्र धरली तर ३७ भागिले ९, म्हणजे ४.११. कोऱ्या जागी कुणी शून्य भरलं तर ३७ भागिले १२, थेट ३.०८. पट्टी १ पासून सुरू होते, तिथे शून्य आलं कुठून? निम्म्याहून कमी प्रश्न सोडवलेला फॉर्म एकूण गुणांत धरायचा नाही, असा नियम फॉर्म उघडण्याआधीच ठरवून ठेवावा. चवीच्या हिशेबात मात्र त्याचा १ राहू द्यावा. आणि ‘रांगेत फार वेळ जातो’ असा उलटा प्रश्न असेल, तर मिळालेले गुण ६ मधून वजा करूनच पुढे जायचं. नाहीतर सगळ्यात वैतागलेला माणूस सगळ्यात खूश दिसतो.

एक्सेलचं अ‍ॅव्हरेज कोरा रकाना सोडून देतं, शून्य मात्र मोजतं. ‘लागू नाही’साठी ९ टाकायची सवय असेल तर तो ९ सुद्धा गुण म्हणून मोजला जातो. पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे नोंदींचा गटवार सारांश देणाऱ्या तक्त्यात, ग्रँड टोटलच्या ओळीत दिसणारी सरासरी मूळ नोंदींवरून येते, म्हणजे ३.९. त्याच टेबलाखाली तीन शिफ्टच्या आकड्यांवर आपण हाताने अ‍ॅव्हरेज लावलं की ३.३. एकाच शीटवर दोन आकडे दिसतात आणि मीटिंगमध्ये वाद पेटतो. मस्टरच्या भारासाठी समप्रॉडक्टने सरासरी आणि मस्टर या दोन रकान्यांचा गुणाकार-बेरीज करून मस्टरच्या बेरजेने भागायचं. भागताना चुकून ३ ने भागलं तर उत्तर ७२० येतं, ते लगेच कळतं. ३०० ने भागलं तर ७.२, तेही ५ च्या वर, म्हणून पकडलं जातं. ३.३ मात्र पकडला जात नाही, कारण तो दिसायला अगदी शहाणा आकडा आहे.

अहवालात ओळ अशी लिहावी: चव ३.६, भार मस्टरप्रमाणे, ६०० पैकी ३०० फॉर्म; फर्स्ट ४.२ (२००), सेकंड ३.६ (८०), नाइट २.१ (२०).