‘हाऊस’ : काँक्रीटने भरलेले घर नव्हे

ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांच्या ‘हाऊस’ या गाजलेल्या कलाकृतीविषयी एक समज अनेक वर्षे चालत आला आहे : लंडनमधील एका जुन्या घरात काँक्रीट ओतून ते गच्च भरले आणि भिंती पाडल्यावर एक भरीव ठोकळा उरला. हे खरे नाही. पूर्व लंडनच्या ग्रोव्ह रोडवरील त्या घराखाली आधी नवा पाया घालण्यात आला, मग आतल्या भिंतींवर लोखंडी जाळी बसवून तिच्यावर काँक्रीटचा फवारा मारला गेला, आणि ते घट्ट झाल्यावर बाहेरच्या विटा उतरवण्यात आल्या. मोदकाच्या साच्यात उकड आतून थापून वर साचा उघडावा, तसाच हा प्रकार. म्हणजे ती कलाकृती आतून पोकळच होती.

साचा उलटल्यामुळे घराचे आतले सगळे बाहेर आले : भिंतीत खोल असलेल्या शेकोट्या आता फुगवट्यांसारख्या पुढे आलेल्या, तर दिव्यांच्या बटणांच्या जागी नुसते खळगे. एका कुटुंबाची खासगी जागा रस्त्यावरून दिसू लागली, आणि तिच्यात शिरण्याची वाट मात्र उरली नाही. माझ्या मते या कृतीचे बळ नेमके इथे आहे, आणि भरीव ठोकळ्याच्या कथेत तेच हरवते.

लोकक्षोभामुळे ती पाडली, हेही अर्धेच खरे. वाद पुष्कळ झाला, परंतु परवानगी मुळातच तात्पुरती होती. मुदत कायम वाढवून मिळाली नाही, एवढेच. ऑक्टोबर १९९३ मध्ये पूर्ण झालेले ‘हाऊस’ ११ जानेवारी १९९४ रोजी पाडण्यात आले.