सांडपाण्याचा पुनर्वापर

घरे, कार्यालये व कारखाने यांतून वापरून बाहेर पडलेले पाणी शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणणे म्हणजे सांडपाण्याचा पुनर्वापर. कोरड्या प्रदेशात पाऊस बेभरवशाचा, पण शहराचे सांडपाणी दुष्काळातही रोज वाहते. म्हणून तेथे त्याला हक्काच्या जलस्रोताचे मोल येते.

पाणी किती शुद्ध करायचे, हे ते कुठे जाणार यावर ठरते. चाळण्या व निवळण टाक्यांत घनपदार्थ निघाले की दुय्यम प्रक्रियेत जिवाणू सेंद्रिय घाण खाऊन टाकतात. पुढे गाळण व निर्जंतुकीकरण केलेले पाणी शेतीला आणि यंत्रे थंड करायला चालते. पिण्यासाठी मात्र अनेक टप्पे एकामागून एक लावतात, म्हणजे एक निकामी झाला तरी रोगजंतू पुढच्यात अडकतात.

नामिबियाची राजधानी विंडहुक हे याचे सर्वांत धीट उदाहरण. आसपास बारमाही नदी नसलेल्या या शहराने १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळले. २००२ साली नवे केंद्र सुरू झाले. कारखान्यांचे सांडपाणी मुळातच वेगळे ठेवले जाते, आणि या यशाचे अर्धे गमक त्यातच असावे. इस्राएलमध्ये बहुतेक सांडपाणी शेतीला जाते. तेल अवीव परिसरातील पाणी आधी वाळूच्या थरांत जिरवतात आणि नंतर उपसून नेगेव्हच्या वाळवंटाकडे पाठवतात. सिंगापूरमध्ये २००३ पासून पुरवल्या जाणाऱ्या ‘न्यूवॉटर’चा, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा, मोठा ग्राहक उद्योग आहे.

तंत्र तयार असले तरी लोक राजी होतीलच असे नाही. ऑस्ट्रेलियातील टुवूंबा शहराने ऐन दुष्काळात, २००६ च्या सार्वमतात शुद्ध केलेले सांडपाणी पिण्यासाठी वापरण्याची योजना फेटाळली.

शेतीत खरी अडचण जंतूंपेक्षा क्षारांची. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसमुळे खताची बचत होते, पण विरघळलेले क्षार जैविक प्रक्रियेत निघत नाहीत. पाऊस कमी असल्याने ते मुळांखाली धुऊन जात नाहीत. सोडियम वाढला की चिकणमातीची रचना मोडते, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण होते. आरओने, म्हणजे पाणी दाबाखाली अतिसूक्ष्म पडद्यातून गाळून, क्षार काढता येतात. त्यासाठी वीज भरपूर लागते, शिवाय अतिखारट पाणी मागे उरते. किनाऱ्यावर ते समुद्रात सोडता येते. समुद्रापासून दूरच्या भागात मात्र बाष्पीभवन तळ्यांसाठी मोठी जागा अडवावी लागते.