जुन्या मियाटाचा उजेड : बल्ब नंतर, आधी व्होल्टेज बघा

पॉप-अप हेडलाइटच्या, म्हणजे लागतील तेव्हाच नाकातून वर येणाऱ्या दिव्यांच्या गाड्यांमध्ये मला सगळ्यात जास्त आवडते ती पहिली माझदा एमएक्स-५, म्हणजेच मियाटा. १९८९ ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये आली आणि १९९७ पर्यंत याच रूपात बनत राहिली, नंतरच्या मॉडेलला साधे फिक्स दिवे आले. दिवे वर येण्यामागे नुसती स्टाइल नव्हती बरं का, अमेरिकेचा नियम असा की हेडलाइट रस्त्यापासून ठराविक उंचीच्या वरच पाहिजे, आणि स्पोर्ट्स कारचं नाक तर त्याहून खाली, मग दिवसा दिवा आत झाकून ठेवायचा आणि रात्री वर काढायचा हा त्यावरचा उपाय.

आता यातल्या बहुतेक गाड्या तिशी ओलांडलेल्या आहेत आणि मालकांची तक्रार एकच, रात्री दिसत नाही. मग लगेच झगझगीत एलईडी बल्ब मागवले जातात. मला कळकळीने सांगायचंय की थांबा, आधी जुनं दुखणं शोधा, ते बहुतेक वेळा बल्बच्या मागच्या वायरमध्ये असतं.

काम सुरू करण्याआधी दिवे वर घ्या आणि रिट्रॅक्टरचा (दिवे वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज काढून ठेवा, किंवा डिकीत जाऊन बॅटरीची मायनस वायर सोडवा (हो, या गाडीची बॅटरी मागे डिकीत असते). दिवा उचलणारी मोटर बारकी दिसते पण बोट मध्ये आलं तर सोडत नाही. मोटरवर रबरी टोपीखाली एक गोल नॉब आहे, तो हाताने फिरवला की दिवा हळूहळू वर-खाली होतो. एकच डोळा उघडत असेल तर इथेच अर्धं निदान होतं, नॉब हलका फिरतोय म्हणजे सांधे ठीक आहेत, दोष करंटच्या बाजूला शोधायचा, आणि जड फिरतोय म्हणजे ग्रीस वाळलंय.

आता मुख्य गोष्ट. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण ९ अँपिअर करंट ओढतात. जुन्या वायरिंगमध्ये स्विचचे काँटॅक्ट, गंजलेले जोड, सैल अर्थ असं सगळं मिळून फक्त ०.१५ ओहम रेझिस्टन्स झाला तरी ९ गुणिले ०.१५, म्हणजे जवळपास १.३५ व्होल्ट वाटेतच खर्च. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ व्होल्ट असतील तर बल्बला मिळाले १२.१५, दहा टक्के कमी. दहा टक्क्यांनी काय होतं असं वाटेल, पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे व्होल्टेज दहा टक्के गेलं की उजेड तीस टक्के जातो! कारण फिलामेंट थोडंसं जरी थंड पडलं तरी त्याची ऊर्जा डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाऐवजी इन्फ्रारेडमध्ये, नुसत्या उष्णतेत जायला लागते, म्हणून असा दिवा मंद तर दिसतोच पण पिवळटही दिसतो. आणि वाटेत हरवलेली ती बारा वॅट कुठेतरी गरम होतातच, जुन्या स्विचचं प्लॅस्टिक तपकिरी पडतं ते यामुळेच.

हे तपासायला मल्टिमीटर पुरे. इंजिन आणि लो बीम चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं बल्बच्या होल्डरमधल्या प्लसला लावा (लांब वायर लागेल), जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवतायत. मग हेच अर्थच्या बाजूने करा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर होल्डर आणि अर्थचे पॉइंट पॉलिश पेपरने घासून घ्या, आणि तरी भागलं नाही तर रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालणारा स्विच, लावा. रिलेने काय होतं की जुन्या स्विचमधून फक्त इशाऱ्यापुरता करंट जातो आणि बल्बचा मोठा करंट जाड वायरने, फ्यूजमधून, थेट येतो.

हे झालं की मग दिवा बदलायला मजा आहे. अमेरिकन मियाटाचा मूळ दिवा सीलबीम, काच-रिफ्लेक्टर-फिलामेंट सगळं एकत्र, जळाला की अख्खा फेकायचा. पण साइज सात इंची गोल, आपल्या अँबॅसिडरचा आणि बुलेटचा तोच, त्यामुळे एच४ बल्बवाला (लो आणि हाय बीमची दोन फिलामेंट असलेला हॅलोजन बल्ब) दिवा त्याच रिंगमध्ये बसतो आणि तीन पिनांचा होल्डरही तोच चालतो. हॅलोजनच्या काचेला मात्र उघडं बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

एलईडीचं काय? एच४ च्या लो बीम फिलामेंटखाली पत्र्याची बारीक वाटी असते, ती खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरकडे जाणारा प्रकाश अडवते, समोरच्याच्या डोळ्यात उजेड न जाण्याचं सगळं गणित त्या वाटीवर आणि फिलामेंटच्या नेमक्या जागेवर उभं आहे. एलईडी बल्बच्या चपट्या चिप्स मिलिमीटरभर इकडेतिकडे झाल्या तरी प्रकाश भलतीकडे जातो. गाडीजवळचा रस्ता मस्त उजळतो, त्याने आपल्याच डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. एलईडी हवाच असेल तर अख्खा सात इंची एलईडी दिवा घ्या, त्याची लेन्स त्याच चिपसाठी बनवलेली असते.

आणि न्यू जर्सीतल्या भावाने मियाटासाठी पुण्याहून स्वस्तात दिवे मागवले तर पाठवू नका! आपल्याकडचा लो बीम डावीकडे वर चढतो, रस्त्याच्या कडेचं दिसावं म्हणून, तिकडे डावीकडून समोरच्या गाड्या येतात.

शेवटी फोकस. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर टेपने आखा आणि लो बीमची वरची कड त्या रेषेच्या साधारण दहा सेंटीमीटर खाली आणा, म्हणजे एक टक्का उतार. ६५ सेंटीमीटर उंचीचा दिवा मग ६५ मीटरपर्यंत पोचतो. हे करताना ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेलं हवं आणि टायरची हवा बरोबर हवी, एवढ्या हलक्या गाडीत एका माणसाच्या वजनानेही नाक वर-खाली होतं.