प्रकाशाची फणी

आंधळगावला मावशीकडे गेलो की मी आधी मागापाशी जातो. भंडारा जिल्ह्यातलं हे गाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. मागच्या खेपेला मावशी फणीत धागे ओवत होती. पोलादी दातांच्या फटींतून एकेक उभा धागा आकड्याने ओढून घ्यायचा, शेकडो वेळा, न चुकता. मी मध्येच काही विचारलं तर मान न वळवता म्हणाली, “एक दात सुटला का पुरं लुगडं बिघडते, बापा.”

भौतिकशास्त्रात प्रकाशाचीही अशी फणी असते. ‘फ्रिक्वेन्सी कोम’ या तिच्या इंग्रजी नावासाठी कुणी ‘कंगवा’ म्हणेल, मला मात्र विणकराची फणीच जवळची वाटते. कंगव्याचे दात थोडे मागेपुढे असले तरी केस विंचरले जातात. इथे सगळी किंमत दातांमधल्या सारख्या अंतराला आहे.

साध्या लेसरमधून एकाच रंगाचा प्रकाश निघतो. फणीतून शेकडो रंग एकदम निघतात आणि शेजारच्या कोणत्याही दोन रंगांच्या वारंवारतेतला, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांतला, फरक तंतोतंत सारखा असतो. फायबरमधून धावणारा अवरक्त प्रकाश सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी वेळा आंदोलतो. एवढी आंदोलनं थेट मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र नाही. पण फणीची सुरुवात कुठून होते आणि दोन दातांत अंतर किती, हे कळलं की कितव्याही दाताची जागा गुणाकार-बेरजेने काढता येते. या तंत्रासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना २००५ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. तेव्हा अशी फणी मांडायला प्रयोगशाळेतलं मोठं टेबल लागायचं.

२००७ मध्ये जर्मनीतल्या गार्शिंग इथे पास्काल डेलहाय, टोबियास किपेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ती काचेच्या एका सूक्ष्म कड्यातून काढून दाखवली. हे कसं होतं ते समजायला तेलाची घाणी आठवा. बैलाची पावलं फेरीत पूर्ण संख्येने बसली, तर दर फेरीला खूर त्याच खुणेवर पडतो आणि खूण खोल होते. पाऊल जरा लहानमोठं असलं की सगळं पुसून जातं. कड्यात लेसरचा प्रकाश सोडला की तिथेही ज्या लहरी फेरीत नेमक्या पूर्ण संख्येने मावतात, त्याच टिकतात. चांगल्या कड्यात प्रकाश शेकडो, कधी हजारो फेऱ्या मारतो आणि इवल्याशा जागेत दाटून येतो.

तीव्र प्रकाशाने काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशाला किती मंदावते याचं माप, किंचित बदलतो. हा जॉन केर यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम. त्यामुळे लेसरचे दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मिळून दोन नवे फोटॉन जन्मतात: एक थोड्या जास्त वारंवारतेचा, दुसरा तेवढ्याच कमी. फोटॉनची ऊर्जा वारंवारतेवर ठरते आणि ऊर्जेची बेरीज बदलू शकत नाही, म्हणून दोन्हीकडचं अंतर सारखंच राहतं. नवे दात पुढचे दात घडवतात. मला या सगळ्या गोष्टीत हीच जागा सर्वांत सुंदर वाटते. इथे अंतर आखून देणारा कुणी नाही, ऊर्जेचा हिशोबच ते आखतो.

सुरुवातीच्या फण्या मात्र बऱ्याचदा गोंगाटी असत, दात एका तालात नसत. २०१४ मध्ये कड्यात सॉलिटन, म्हणजे न पसरता फिरत राहणारा प्रकाशाचा ठोका, स्थिर करता आला आणि ताल जमला. आता ही कडी बऱ्याचदा सिलिकॉन नायट्राइड या पदार्थाची, चिपवर कोरलेली असतात.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरल्या डब्यात येते तशा फायबरमधून एकाच वेळी अनेक रंग धाडता येतात, आणि प्रत्येक रंगावर वेगळा संदेश. लांबच्या मुख्य वाहिन्यांत हे रोज चालतं. तिथे सहसा रंगागणिक वेगळा लेसर लागतो. हे लेसर आपापल्या परीने सरकतात, म्हणून मध्ये मोकळी जागा सोडावी लागते. फणीचे दात एकत्रच सरकतात. २०१७ च्या एका प्रयोगात अशा दोन फण्या एकमेकींत गुंफून १७९ रंगांवर सेकंदाला ५० टेराबिटहून (म्हणजे ५० लाख कोटी बिटांहून) जास्त माहिती ७५ किलोमीटर नेली गेली.

अडचणी आहेतच. लेसरची बरीच ऊर्जा दातांपर्यंत पोचत नाही, आणि सॉलिटन सुरू करताना लेसरचा रंग फार नाजूकपणे जुळवावा लागतो. तरी २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी लेसरसकट अख्खी फणी चालवली ती टीव्हीच्या रिमोटमध्ये बसतो तसल्या एका बारक्या सेलवर.