बंदूक सोपी, काच अवघड

बीएस्सीला बॉटनीच्या प्रॅक्टिकलला ज्यांनी पर्मनंट स्लाइड केल्यात त्यांना कॅनडा बाल्सम आठवत असेल, तो मधासारखा चिकट डिंक, एकदा बोटाला लागला की दिवसभर पिच्छा सोडत नाही. कॅनडातल्या बाल्सम फर झाडाचा डिंक तो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दुर्बिणींची भिंगं एकमेकांना चिकटवायला हाच वापरायचे.

आता भिंगं चिकटवायची कशाला? तर एकटं भिंग सगळे रंग सारखे वाकवत नाही, त्यामुळे चित्राच्या कडेला रंगीत झालर दिसते. मग साध्या क्राउन काचेचं फुगीर भिंग आणि शिसं घातलेल्या फ्लिंट काचेचं खोलगट भिंग अशी जोडी लावतात, एकाची चूक दुसरं भरून काढतं. मधे हवा राहिली तर प्रत्येक पृष्ठभागावर साधारण 4 टक्के प्रकाश परत फिरतो, बाल्सम मात्र काचेइतकाच प्रकाश वाकवतो म्हणून तो वाया जात नाही.

डिंक कॅनडात भरपूर होता, पण ऑप्टिकल काच तिथे बनतच नव्हती! 1940 साली सरकारने टोरंटोजवळ लीसाइडला रिसर्च एंटरप्रायझेस लिमिटेड ही कंपनी काढली, रडार आणि दुर्बिणींसाठी, आणि 1941 मध्ये तिथे काच ओतायला लागले. ही काच म्हणजे खिडकीची काच नव्हे हां. पाण्यात साखरेचा पाक सोडला की कशा तारा तरंगताना दिसतात, तशी एक तार जरी काचेत राहिली तरी ती भिंगाला बाद. म्हणून वितळलेला रस सतत ढवळायचा, आणि नंतर अगदी सावकाश थंड करायचा, घाई केली की आत ताण राहतो.

त्याच काचेतून नंबर 32 स्कोप, म्हणजे स्नायपर रायफलवर बसवायच्या नेमाच्या दुर्बिणी, बनले. ती रायफल टोरंटोच्याच पश्चिमेला लाँग ब्रांचच्या कारखान्यात व्हायची, ली-एनफिल्ड नंबर 4 ची स्नायपर आवृत्ती. गंमत म्हणजे हा स्कोप मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेला. पुढचं भिंग फक्त 19 मिलिमीटर, आपल्या रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान, मोठं दिसतं ते साधारण साडेतीन पट, आणि वरचा ड्रम, म्हणजे अंतर लावायची चकती, 1000 यार्डांपर्यंत फिरतो. सुरुवातीच्या मार्क 1 मध्ये नेम डावी-उजवीकडे सरकवायच्या चकतीची एक टिकटिक 2 मिनिटांची (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट), म्हणजे 400 यार्डांवर एका टिकटिकीत नेम थेट 8 इंच सरकणार, मग मधलं काही हवं असेल तर बसा अंदाज करत. पुढे ती 1 मिनिटाची केली तेव्हा कुठे ते जरा कामाचं झालं, असं माझं मत.

युद्ध संपल्यावर लीसाइडचा कारखानाही बंद झाला. स्कोप मात्र अजून संग्राहकांकडे सापडतात, एखाद्याच्या भिंगात पिवळट झाक किंवा कडेने फर्नच्या पानासारखी नक्षी दिसली तर काच खराब झाली असं समजू नका, बहुतेक वेळा तो म्हातारा झालेला बाल्सम सुटायला लागलेला असतो.