बिल्डरला कोळी आडवा का येतो?

मार्च 2025 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर एका भाषणात एका कोळ्यावर घसरले. केंटमध्ये एब्सफ्लीटला 15,000 घरं होणार होती आणि ती म्हणे एका उड्या मारणाऱ्या कोळ्यामुळे अडली. ऐकणाऱ्यांना हसू येणारच, जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा जीव आणि त्याने अख्खं शहर अडवलं! पण या कोळ्याची संपूर्ण ब्रिटनमध्ये माहीत असलेली ठिकाणं फक्त दोन आहेत, केंटमधलं, याच एब्सफ्लीटजवळचं स्वॉन्सकंब आणि थेम्सच्या पलीकडच्या काठावर एसेक्समधलं वेस्ट थरॉक, आणि दोन्ही जागा बाहेरून बघाल तर पडीक, कारखान्यांचा राडारोडा टाकलेल्या, जिथे कोणी सहलीला जाणार नाही अशा.

गंमत तिथेच आहे. स्वॉन्सकंबला वर्षानुवर्षं सिमेंटचा धंदा चालला, खडूचा दगड खणून काढला, भुकटी तिथेच टाकली. अशा जमिनीत कस नसतो, त्यामुळे गवत माजत नाही, उघडी तापणारी माती राहते, मध्येच फुलं, मध्येच डबकं, कुठे झुडूप. बिळं करणाऱ्या मधमाश्यांना, उन्हात शिकार करणाऱ्या कोळ्यांना अजून काय पाहिजे? एकट्या स्वॉन्सकंबमध्ये 1,700 हून जास्त जातींचे बिनकण्याचे जीव नोंदले गेलेत. तिथे मोठं थीम पार्क व्हायचं होतं, 2021 मध्ये जागेला संरक्षण मिळालं आणि 2022 मध्ये पार्कवाल्यांनी अर्ज मागे घेतला. त्याआधी एसेक्समधल्या कॅन्व्ही विकचं उदाहरण आहेच, 1970 च्या दशकात तेल रिफायनरी बांधायला घेतली, अर्धवट सोडली, आणि 2005 मध्ये मुख्यतः किड्यांसाठी म्हणून ती जागा संरक्षित झाली. नामशेष झाला असं धरलेला एक भुंगेराही तिथे सापडला.

आता कायद्याचं बघू, थोडक्यात, कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. इंग्लंडमध्ये वटवाघूळ सापडलं तर कायदा कडक आहे, पण किड्यांमधल्या अगदी मोजक्याच जातींना तसं थेट संरक्षण आहे. 2006 च्या कायद्याखाली महत्त्वाच्या जातींची एक यादी आहे, तिच्यात बरेच पतंग, भुंगेरे, मधमाश्या आहेत, आणि बांधकामाला परवानगी देताना तिथल्या कौन्सिलने त्यांचा विचार करायचा असतो. विचार करायचा म्हणजे नाही म्हणायचंच असं नाही. बऱ्याचदा आराखडा थोडा सरकवला की भागतं. पण विचार करायला आधी तिथे काय आहे ते माहीत तर पाहिजे ना, आणि म्हणून सर्व्हे.

आणि मला विचाराल तर उशीर कोळ्यामुळे होत नाही, कॅलेंडरमुळे होतो. किड्यांचा सर्व्हे साधारण एप्रिल ते सप्टेंबरमध्येच करता येतो, तोही एका फेरीत नाही, कारण मे महिन्यात दिसणारी मधमाशी ऑगस्टमध्ये गायब असते आणि ऑगस्टमधल्या माश्या मेमध्ये अळी-कोष होऊन कुठेतरी दडलेल्या असतात. वारा, पाऊस, थंडी असेल तर गेलेली फेरी फुकट. आणि होतं काय, जमीन घेतली, आर्किटेक्ट झाला, बँक झाली, मग नोव्हेंबरमध्ये कोणाला तरी आठवतं की इकॉलॉजीवाल्याला एकदा बोलवायचं राहिलं. तो येतो, उघडी माती आणि फुलं होती अशी खूण बघतो आणि सांगतो, उन्हाळ्यात या. गेलं वर्ष. मग ओरड कोळ्याच्या नावाने.

प्रत्यक्ष काम बघायला मजेशीर असतं. स्वीप नेट, म्हणजे दांड्याला लावलेली कापडी जाळी, गवतावरून झाडत न्यायचं, झुडपाखाली पांढरं कापड धरून फांदीवर काठी मारायची, आणि पडलेले बारीक किडे पूटरने ओढायचे, म्हणजे दोन नळ्या लावलेली बाटली, एक नळी तोंडात एक किड्यावर, आणि तोंडाकडच्या नळीला जाळी, ती का असते हे सांगायला नकोच. जमिनीवर धावणाऱ्यांसाठी पिटफॉल ट्रॅप, म्हणजे जमिनीत पुरलेला प्लास्टिकचा ग्लास, तळाला टिकवणारं द्रव, त्यात साबणाचे दोन थेंब म्हणजे किडा वर तरंगत राहत नाही, पावसासाठी वर छोटं छप्पर. ग्लासची कड मातीच्या किंचित जरी वर राहिली तर बारके भुंगेरे तिथूनच वळून जातात, म्हणून बोटाने माती दाबून कड मिटवत बसावं लागतं. शिवाय यात जो जास्त धावतो तोच जास्त पडतो, त्यामुळे ग्लासात वीस सापडले म्हणजे मैदानात तेच जास्त आहेत असं होत नाही.

खरा वेळ मात्र नंतर मायक्रोस्कोपखाली जातो. बरेच भुंगेरे आणि कोळी बाहेरून सारखेच दिसतात, जात ठरते ती जननेंद्रियांच्या आकारावरून, आणि कोळ्याचं पिल्लू असेल तर अनेकदा जात सांगताच येत नाही. हे काम करणारी माणसं सगळीकडे थोडीच असतात, आणि जो माश्या ओळखतो तो गोगलगायी ओळखेलच असं नाही, त्यामुळे स्वस्तातल्या रिपोर्टमध्ये फुलपाखरं भरपूर आणि माश्या दोनच असं दिसलं तर समजायचं काय ते.

सापडलेल्या जातींची यादी हाती आल्यावर किती जाती हा प्रश्न दुय्यम असतो. कुठल्या जाती एकत्र आल्यात ते बघतात, वाळूवाल्या, सडक्या लाकडातल्या, पाणथळातल्या. इंग्लंडमध्ये पॅन्थिऑन नावाचं ऑनलाइन टूल आहे, यादी टाकली की ते जातींचे असे गट पाडून देतं आणि त्यातल्या दुर्मिळ किती तेही दाखवतं.

जागा वाचवता येत नसेल तर जीव उचलून दुसरीकडे न्यायचे, हे ऐकायला छान वाटतं. 1990 च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूबरी गावाच्या बायपासच्या रस्त्यात काही मिलीमीटरची एक गोगलगाय आली, तिला अधिवासासकट हलवलं, रस्ता झाला, आणि साधारण दहा वर्षांनी पाहिलं तर नव्या जागी ती उरलीच नव्हती.

2024 पासून इंग्लंडमध्ये अनेक प्रकल्पांना जैवविविधता किमान 10 टक्के वाढवून दाखवावी लागते. ते गणित अधिवासाचं आहे, जातींचं नाही. राडारोड्याच्या अशा मोकळ्या जमिनीला त्यात चांगले गुण मिळतात खरे, पण सर्व्हेवाल्याने ती ओळखून तशी नोंदवली तरच, नुसतं पडीक गवत म्हणून लिहिली की किंमत उतरते आणि मग वरून सुपीक माती पसरून, गवताचं बी टाकून केलेली हिरवळ कागदावर सुधारणा ठरू शकते. त्या कोळ्याला नेमकी तीच सुपीक माती नको असते.