पहिला कॅमेरा घेताय? आधी लेन्सवरचा आकडा वाचा

गेल्या दिवाळीत भाची नवा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घेऊन ऐरोलीहून आमच्याकडे ठाण्याला आली. संध्याकाळी आम्ही तलावपाळीवर गेलो. कठड्यालगत तिचा धाकटा भाऊ पळत होता आणि मागे पाण्यात दिव्यांच्या लांबलचक रेघा हलत होत्या. तिने झूम पूर्ण ओढून वीसेक फोटो काढले, मोबाइलवरही चार काढले. घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवले आणि तिचा चेहरा उतरला. कॅमेऱ्यातल्या भावाच्या गालावर रवा सांडल्यासारखं दिसत होतं. "मामा, मोबाइलचेच बरे आलेत की रे."

कॅमेऱ्यात काहीच बिघाड नव्हता. पहिला कॅमेरा घेणारे पुष्कळ जण नेमके इथेच नाराज होतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

वळवाच्या पावसाचे पहिले थेंब गच्चीच्या फरश्यांवर पडताना पाहा. एका फरशीवर तीन थेंब, शेजारच्या फरशीवर सात. पाऊस दोन्हींवर सारखाच आहे, पण थेंब कमी असल्यामुळे फरक डोळ्यांत भरतो. सर कोसळली की सगळ्या फरश्या सारख्याच भिजतात. प्रकाशाचं तसंच आहे. तो फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, रूपात सुटासुटा येतो. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या एका ठिपक्यावर, म्हणजे पिक्सेलवर, सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर त्यात १०चा चढउतार असतो, म्हणजे १० टक्के. सरासरी १०,००० असेल तर चढउतार १००चा, म्हणजे फक्त १ टक्का. फोटोतला रवाळपणा मुख्यतः या चढउताराचा असतो. आयएसओ, म्हणजे आलेला संकेत किती वाढवायचा तो आकडा, चढवला की फोटो उजळ दिसतो, पण जे फोटॉन आलेच नाहीत ते त्यामुळे येत नाहीत.

मग फोटॉन किती येणार हे ठरतं कशावर? शटर किती वेळ उघडं राहतं ते एक, पण पळणारं पोर हललेलं नको असेल तर सेकंदाच्या २५०व्या भागापलीकडे फारशी सूट मिळत नाही. उरल्या दोन गोष्टी, सेन्सरचं क्षेत्रफळ आणि लेन्सचा एफ-आकडा. नवशिक्यांच्या बहुतेक मिररलेसमध्ये एपीएस-सी सेन्सर असतो, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे ३६७ चौरस मिलिमीटर. महागड्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे १० बाय ७, म्हणजे ७० चौरस मिलिमीटर. पाचपट फरक! दुकानात एवढंच ऐकून आपण खूश होतो.

पण एफ-आकडा म्हणजे लेन्सची नाभीय लांबी (लेन्सवरचा मिमीचा आकडा; तो जितका मोठा, तितकं चित्र जवळचं) भागिले तिच्या छिद्राचा व्यास, आणि प्रकाश घटतो तो या आकड्याच्या वर्गाने. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स झूम ओढल्यावर बऱ्याचदा एफ/६.३ला जाते. मोबाइलची असते एफ/१.८च्या आसपास. कागदावर गणित करून पाहा: ३६७ला ६.३च्या वर्गाने भागलं की सुमारे ९ येतात, ७०ला १.८च्या वर्गाने भागलं की २१ ते २२. म्हणजे तलावपाळीवर भाचीच्या मोठ्या सेन्सरला मोबाइलच्या निम्म्याहून कमी प्रकाश मिळत होता. झूम न ओढता एफ/३.५वर काढले असते तरी जेमतेम दीडपट मिळाला असता. त्यातून मोबाइल एका दमात अनेक फोटो घेऊन ते एकावर एक रचतो आणि रवाळपणा दाबतो.

माझं स्पष्ट मत आहे की बजेट ठरवताना बॉडीतून, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यातून, पैसे वाचवा आणि एक एफ/१.७ किंवा एफ/१.८ची, झूम नसलेली लेन्स पहिल्या दिवसापासून धरा. एफ/६.३वरून एफ/१.७वर आलं की प्रकाश साडेतेरापट होतो. जिथे आयएसओ २५,६०० लागत होता, तिथे २,०००च्या आत काम भागतं.

कुठली घ्यावी यातही एक गोम आहे. सगळे ५० मिमी सुचवतात. आपल्याकडच्या दहा फुटी हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून कॅमेरा उभा धरला, तरी एपीएस-सीवर ५० मिमीमध्ये समोरचा माणूस जेमतेम १.४ मीटर मावतो. गुडघ्याखालचं सगळं बाहेर! २४ मिमीमध्ये तेवढ्याच अंतरावरून २.९ मीटर मावतात, आजी-नातू दोघंही. घरातल्या फोटोंसाठी २४ ते ३० मिमी घ्या.

मेगापिक्सेलमध्ये जीव अडकवू नका. ए-४ आकाराची उत्तम छपाई ९ मेगापिक्सेलमध्ये होते आणि नवशिक्यांच्या बहुतेक नव्या बॉडीत २०च्या वर असतातच.

बॉडीमध्ये मी दोन गोष्टी बघतो. पहिली फोकस. जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत आत आरसा असायचा आणि तो थोडा प्रकाश वळवून फोकसच्या वेगळ्या सेन्सरकडे पाठवायचा. आरसा गेला आणि ते काम मुख्य सेन्सरवरच आलं. एक डोळा मिटून मग दुसरा मिटला की समोरचं बोट सरकल्यासारखं दिसतं ना, तसं लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशातला फरक मोजून फोकस ठरतो. चित्र सतत सेन्सरवर असल्यामुळे कॅमेरा माणसाचा डोळा ओळखून त्याच्या मागे जातो. उथळ फोकसच्या, म्हणजे थोड्याच अंतरातलं स्पष्ट दाखवणाऱ्या, एफ/१.७ लेन्सला ही सोय फार मोलाची आहे.

दुसरी गोष्ट व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. निकॉन झेड-३० आणि सोनी झेडव्ही-ई१०मध्ये तो नाही, कॅनन आर-५० आणि निकॉन झेड-५०मध्ये आहे. ठाणे खाडीवर एप्रिलच्या उन्हात पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसतं, तेव्हा व्ह्यूफाइंडरची किंमत कळते. खाडीचा हा भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, आपल्या दाराशी! तिथे मात्र वेगळी लेन्स लागते. साठ मीटरवरचा मीटरभर उंचीचा फ्लेमिंगो ५० मिमीमध्ये चौकटीच्या उंचीच्या एकोणिसाव्या भागाएवढा दिसतो, २५० मिमीमध्ये पाव उंची भरतो. उन्हात एफ/६.३ चालतं, त्यामुळे दोन लेन्सच्या किटमधली स्वस्त लांब झूम इथे उत्तम काम देते.

आणि पावसाळा. माझी एक जुनी लेन्स जून ते सप्टेंबर चामडी पिशवीत कपाटात राहिली. दसऱ्याला काढून टॉर्चसमोर धरली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. बुरशी. ती काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही डाग राहू शकतो. आता स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक, एवढ्यावर निभावतं. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवतो. सत्तरच्या वर फार दिवस राहिला की बुरशीला आवतण.

जानेवारीत भाचीने २४ मिमी एफ/१.७ घेतली. त्याच कठड्याशी, त्याच वेळी, भाऊ पुन्हा पळाला. या वेळी त्याच्या पापण्या सुट्या मोजता येत होत्या, आणि मागच्या दिव्यांचे मोठे, मऊ गोळे झाले होते.